भाड्याचा सर्व्हर, पण किल्ली आपल्या हाती

आपल्या बाजारपेठांतून ऑर्डर, साठा आणि उधारी यांचा हिशेब हळूहळू संगणकावर गेला आहे. यंत्रमागाचा मालक असो, फर्निचरचा कारागीर असो की चामड्याच्या वस्तूंचा घाऊक व्यापारी असो, घरातला एखादा पुतण्या किंवा मोहल्ल्यातला होतकरू मुलगा त्याला वेबसाइट व हिशेबाचा प्रोग्राम उभा करून देतो. वर्ष-दोन वर्षे काम सुरळीत चालते. मग तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा आखातात जातो. सर्व्हरचे भाडे भरण्याची वेळ आली म्हणजे मालकाच्या ध्यानात येते की खाते मुलाच्या नावावर आहे, पासवर्ड त्याच्या फोनमध्ये आहे आणि तीन वर्षांची उधारी नेमकी कोठे साठवली आहे हे दुकानात कोणालाच सांगता येत नाही. मुलाची नियत खोटी नसते. पण आपली वही दुसऱ्याच्या कपाटात राहिली, हे खरे.

म्हणून दूरचा सर्व्हर कसा उभारावा व कसा चालवावा, याची तोंडओळख आम्ही आज करून देत आहोत. हे काम इंजिनियरच करू शकतो असा समज आहे, तो बरोबर नाही. दहावी-बारावी झालेला, इंग्रजी अक्षरे वाचता येणारा आणि धीर धरणारा तरुण हे महिना-दोन महिन्यांत शिकू शकतो. मालकाने स्वतः आज्ञा टाइप केल्या नाहीत तरी चालेल. पण काय चालले आहे हे त्याला कळले पाहिजे.

सर्व्हर म्हणजे काय, आणि तो हवाच का?

सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारा आणि इंटरनेटला जोडलेला संगणक. मोठमोठ्या इमारतींत अशी हजारो यंत्रे ठेवलेली असतात. एका मोठ्या यंत्राचे अनेक हिस्से करून एकेक हिस्सा भाड्याने दिला जातो. एका इमारतीत अनेक गाळे असावेत, तसेच हे आहे. मुंबई आणि बंगळुरू येथेही असे सर्व्हर भाड्याने मिळतात. आपली गिऱ्हाइके महाराष्ट्रात असतील तर जवळचे ठिकाण घ्यावे, म्हणजे पान लवकर उघडते.

ज्यांना केवळ मालाचे फोटो व भाव दाखवायचे आहेत, त्यांनी या भानगडीत पडू नये. व्हॉट्सॲपवरची मालाची यादी किंवा तयार वेबसाइट त्यांना पुरेशी आहे. कारखाना, गोदाम आणि दुकान अशा तीन ठिकाणांहून एकाच वहीत नोंद करायची असेल, किंवा आपल्या धंद्याचा खास प्रोग्राम चालवायचा असेल, तेव्हा सर्व्हरचा विचार करावा.

लहान धंद्याला एक जीबी मेमरी आणि पंचवीस जीबी जागा असलेला सर्वांत साधा हिस्सा सुरुवातीस पुरतो. त्याचे भाडे महिना पाच ते सहा डॉलरच्या घरात, म्हणजे साधारण पाचशे रुपये असते. त्यावर जीएसटी निराळा. बहुतेक कंपन्यांकडे सर्व्हर नुसता बंद करून ठेवला तरी भाडे चालूच राहते. तो पूर्ण काढून टाकला तरच थांबते.

लिनक्स कोणते घ्यावे?

लिनक्स ही सर्व्हरवर सर्वांत जास्त चालणारी प्रणाली आहे. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा १९९१ साली जगापुढे ठेवला. ती वापरण्यास दाम पडत नाही आणि कोणीही तिच्यात सुधारणा करू शकतो. तिचे अनेक प्रकार आहेत. नवशिक्याने डेबियन किंवा उबुंटू यांपैकी एक घ्यावे. उबुंटूची दर दोन वर्षांनी निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती घेतली म्हणजे पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. एप्रिल २०२४ मध्ये निघालेली २४.०४ ही अशीच आवृत्ती आहे.

सर्व्हरला पडदा नसतो की माऊस नसतो. आपल्या संगणकावरून आज्ञा लिहून पाठवायच्या आणि उत्तर वाचायचे, एवढाच व्यवहार असतो. सुरुवातीस पंधरा-वीस आज्ञा पाठ झाल्या की भीती मोडते.

पहिला धडा : किल्ली

दूरच्या सर्व्हरशी बोलण्याच्या पद्धतीला एसएसएच म्हणतात. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरीला गेल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ साली ती तयार केली. त्यापूर्वी पासवर्ड तारेवरून उघडा जात असे. एसएसएचमध्ये सर्व बोलणे कुलूपबंद होऊन जाते.

या पद्धतीत पासवर्डऐवजी किल्लीची जोडी वापरता येते, आणि तीच वापरावी. आपल्या संगणकावर एका आज्ञेने दोन फाइली तयार होतात. एक उघडी किल्ली, जी सर्व्हरवर ठेवायची. तिला कुलूप समजा; ते कोणी पाहिले तरी बिघडत नाही. दुसरी गुप्त किल्ली, जी आपल्याच संगणकावर राहते. ती ईमेलने पाठवू नये, व्हॉट्सॲपवर टाकू नये, भागीदारालाही देऊ नये. भागीदाराला यायचे असेल तर त्याने स्वतःची जोडी तयार करावी आणि आपली उघडी किल्ली सर्व्हरवर ठेवून घ्यावी. मग कोणी काम सोडून गेला तर यादीतून त्याची एक ओळ पुसावी लागते; सगळ्यांची कुलपे बदलावी लागत नाहीत. गुप्त किल्लीलाही एक परवलीचे वाक्य लावून ठेवावे. लॅपटॉप चोरीस गेला तर ते उपयोगी पडते.

दुसरा धडा : दारे बंद करणे

नवा सर्व्हर इंटरनेटवर आला की थोड्याच वेळात अनोळखी यंत्रे त्याचे दार ठोठावू लागतात. यात आपल्याशी कोणाचे वैर नसते. सगळ्या गल्लीतली कुलपे ओढून पाहणारा चोर असतो, तसा हा प्रकार आहे. म्हणून पहिल्याच दिवशी पुढील कामे याच क्रमाने करावीत.

१) सर्व दुरुस्त्या चढवून घ्याव्यात.

२) ‘रूट’ हा सर्वाधिकारी असतो. त्याच्या नावाने रोज काम करू नये. आपल्या नावाचा वेगळा वापरकर्ता करावा आणि गरज पडेल तेव्हाच ‘सुडो’ या शब्दाने अधिकार घ्यावा.

३) नव्या नावाने, किल्ली वापरून आत जाता येते की नाही ते दुसरी खिडकी उघडून पाहावे. पहिली खिडकी तोपर्यंत मिटू नये.

४) ते जमले की रूटचा थेट प्रवेश आणि पासवर्डने प्रवेश, दोन्ही बंद करावेत. बंद झाले का, हेही प्रत्यक्ष प्रयत्न करून पाहावे.

५) मग फायरवॉल लावावे. उबुंटूवर त्यासाठी यूएफडब्ल्यू नावाचे सोपे साधन आहे. आधी एसएसएचचे २२ क्रमांकाचे दार उघडे ठेवण्यास सांगावे, नंतर वेबसाइटची ८० आणि ४४३ ही दारे, आणि शेवटी फायरवॉल चालू करावे. क्रम उलटा झाला तर मालकच बाहेर राहतो. मग कंपनीच्या संकेतस्थळावरील आणीबाणीच्या खिडकीतून आत जावे लागते.

हिशेबाचा डेटाबेस ज्या दाराने बोलतो ते दार बाहेरच्या जगाला कधीही उघडू नये. त्याच्याशी बोलण्याचे काम सर्व्हरच्या आतल्या प्रोग्रामचे आहे.

तिसरा धडा : नाव आणि मोहोर

सर्व्हरला आकड्यांचा पत्ता मिळतो. गिऱ्हाइकाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आपल्या दुकानाचे नाव वर्षाच्या बोलीने घेऊन त्या पत्त्याशी जोडावे लागते. हे नाव मालकाच्याच नावावर, मालकाच्याच ईमेलवर नोंदवावे. त्यानंतर एनजिनएक्स किंवा अपाची यांपैकी एक वेब सर्व्हर बसवावा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. ते लावले की ब्राउझर आपले पान सुरक्षित मानतो. प्रमाणपत्राची मुदत थोड्या महिन्यांची असल्यामुळे त्याचे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था त्याच वेळी करावी.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. नव्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असते, जी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. ते भारतीय वेळेवर आणले नाही, तर पहाटे चारला निघालेल्या मालाच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडण्याचा संभव असतो.

चौथा धडा : वहीची दुसरी प्रत

आतापर्यंतचे सारे चुकले तरी सर्व्हर नव्याने उभारता येतो. पण उधारीची वही गेली तर ती कोठून आणणार? हा धडा सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेकजण नेमका हाच पुढे ढकलतात.

गिटलॅब या नामांकित कंपनीची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एक इंजिनियर डेटाबेसची अडचण दूर करीत होता. दोन सर्व्हर होते. दुय्यम सर्व्हरवर चालवायची पुसण्याची आज्ञा त्याच्याकडून मुख्य सर्व्हरवर गेली. सुमारे तीनशे जीबी माहितीपैकी साडेचार जीबीच उरली. बॅकअप शोधू लागले तर रोजचा बॅकअप मुळात होतच नव्हता, कारण प्रोग्रामची आवृत्ती जुळत नव्हती. तो होत नसल्याची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. अखेर सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावरून काम पुन्हा सुरू झाले. मधल्या तासांतले काम गेले ते गेलेच. कंपनीने हे सारे जगापुढे उघडपणे मांडले, हा तिचा मोठेपणा.

यातून आपल्या धंद्यासाठी तीन नियम निघतात. एक, कोणतीही पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी आपण कोणत्या यंत्रावर आहोत ते नाव वाचावे. दोन, रोज रात्री डेटाबेसची प्रत आपोआप निघावी आणि ती दुसऱ्या ठिकाणी जावी. त्याच सर्व्हरवर ठेवलेली प्रत म्हणजे त्याच दुकानात ठेवलेली दुसरी वही. आग लागली तर दोन्ही जातात. शिवाय आठवड्याला एक प्रत घरच्या डिस्कवर घ्यावी. तीन, महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर परत उघडून पाहावी आणि चार गिऱ्हाइकांची बाकी ताडून घ्यावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबून राहू नये.

रोजची देखभाल

सर्व्हर दुकानासारखाच आहे, झाडलोट लागते. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप चढतील अशी सोय करावी, आणि गाभ्याची दुरुस्ती झाली तर सवडीच्या वेळी सर्व्हर पुन्हा चालू करावा. आठवड्याला एकदा जागा किती उरली ते पाहावे. नोंदींच्या फाइली वाढत जाऊन डिस्क भरते आणि ऐन सणाच्या गर्दीत प्रोग्राम बंद पडतो. काही बिघडले तर घाबरून दहा ठिकाणी बदल करू नयेत. आधी नोंदीची शेवटची वीस-तीस ओळी वाचाव्यात. कारण बहुधा तेथेच लिहिलेले असते. केलेला प्रत्येक बदल तारखेसह साध्या वहीत उतरवून ठेवावा.

शिकावे कसे?

घरात जुना संगणक पडून असेल तर त्यावर डेबियन बसवून सुरुवात करावी. खर्च काही नाही. आज्ञा हाताशी आल्या की महिन्याभरासाठी लहान सर्व्हर घ्यावा. त्यावर खोटी नावे आणि खोटी उधारी भरावी. तो उभारावा, मोडावा, आणि प्रतीवरून पुन्हा उभारावा. असे तीन वेळा बिनचूक जमल्यावरच दुकानाची खरी वही तेथे न्यावी. त्याआधी घाई करू नये.

मालकांना आमचे सांगणे एवढेच. सर्व्हरचे खाते, दुकानाचे नाव आणि भाडे भरण्याचे कार्ड ही तिन्ही आपल्या नावावर असावीत. खात्याला पासवर्डबरोबर फोनवरच्या आकड्याचे दुसरे कुलूप लावावे, आणि त्याचे राखीव आकडे कागदावर लिहून तिजोरीत ठेवावेत. काम करणाऱ्या मुलाला त्याची स्वतःची किल्ली द्यावी आणि त्याच्या कामाचे दाम वेळेवर चुकते करावे. उद्या तो चांगल्या नोकरीवर गेला तर त्याला खुशीने निरोप देता येईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान नेहमीच्या वेळी उघडेल.