एकट्या राहिलेल्या कोंबडीची निगा

कोंबड्या हा शेतकऱ्याच्या जमाखर्चात सहसा न मांडला जाणारा, परंतु घरास रोज उपयोगी पडणारा जोडधंदा होय. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत दोनचार गावरान कोंबड्या बाळगणारी घरे गावोगाव आढळतात. अंड्यांचे पैसे बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती राहतात व मीठमिरची, मुलांची वही-लेखणी त्यांतून निघते. सबब जोडीतील एक कोंबडी मेली व दुसरी एकटी उरली, तर तिचे काय करावे हा प्रश्न क्षुल्लक समजू नये.

काही वर्षांमागे आमच्याच घरी हा प्रसंग आला. दोहोंपैकी एक कोंबडी सकाळी खुराड्यात मेलेली आढळली. उरलेली दिवसभर ओरडत फिरे व दाण्यास तोंड लावीना. घरच्यांस तिची दया आली. आम्ही काही चौकशी न करता दुसऱ्याच दिवशी आठवडे बाजारातून एक तलंग विकत आणली व तिच्याबरोबर कोंडली. आठव्या दिवशी दोघीही मेल्या आणि पंधरवड्याच्या आत शेजारच्या दोन घरांची खुराडी रिकामी झाली. रोग आमच्या घरचा होता की बाजारातून आला, हे आजही आम्हांस सांगता येत नाही. आमच्या उतावळ्या दयेची किंमत शेजाऱ्यांनी मोजली. शेजारची म्हातारी आम्हांस एका शब्दानेही बोलली नाही. तेच आम्हांस अधिक लागले. पुढील विवेचन त्या चुकीतून शिकून लिहिले आहे.

पहिले काम : मरणाचे कारण पाहणे

मुंगसाने वा बोक्याने धरली असेल तर पिसे व रक्त यांवरून ते कळते. परंतु कोंबडी सुस्त होऊन, धापा टाकून, हिरवट पातळ शीट टाकून, मान वाकडी होऊन मेली असेल, तर मानमोडीचा संशय धरावा. हाच राणीखेत रोग. 1927 च्या सुमारास कुमाऊँ प्रांतातील राणीखेत येथे तो ओळखला गेला, म्हणून हे नाव पडले. त्याची बाधा झाल्यावर लक्षणे बहुधा पाचसहा दिवसांत दिसतात, पण क्वचित पंधरा दिवसही लागतात. म्हणून आज धडधाकट दिसणारी कोंबडी निरोगीच आहे असे मानता येत नाही.

गावात एकाएकी पुष्कळ कोंबड्या मरू लागल्या तर मेलेल्या पक्ष्यांस हात न लावता तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे जानेवारी 2021 मध्ये शेकडो कोंबड्या मेल्या व तो बर्ड फ्लू ठरला. हा रोग माणसासही होऊ शकतो.

मेलेली कोंबडी ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. खुराड्यातील घाण काढून जाळावी, खुराडे धुऊन उन्हात वाळवावे व आत चुना मारावा.

दुसरे काम : उरलेलीस सांभाळणे

कोंबडी ही रानकोंबड्याच्या वंशातील, थव्याने राहणारी. एक चरते तेव्हा दुसरी सावध असते. रात्री त्या अंगास अंग लावून बसतात. एकटी पडल्यावर ती ओरडते, बिचकते, कमी खाते, कधी अंडी घालणे थांबवते. तिला मनुष्याचे दुःख आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिचा आधार तुटला, एवढे खरे.

अशा वेळी तिला घराच्या वावराजवळ ठेवावे, ठराविक वेळी हाताने ज्वारी, तुरीची चुणी व हिरवा पाला द्यावा. लोळण्यास राखमिश्रित कोरडी माती द्यावी. रात्री खुराडे पक्के लावावे, कारण एकट्या कोंबडीस इशारा देणारे कोणी उरलेले नसते. दोन दिवस तिने काहीच खाल्ले नाही, किंवा शीट बिघडली, तर तो एकटेपणा न समजता आजार समजावा व पशुवैद्यास दाखवावे.

तिसरे काम : सोबत आणणे

मरणानंतर निदान 21 दिवस नवी कोंबडी आणू नये. आणावयाची ती बाजारातून नव्हे, तर लस टोचलेल्या ओळखीच्या घरून आणावी. एकीपेक्षा दोन आणाव्या व त्या सारख्या वयाच्या असाव्या. लहान पिलू मोठीच्या चोचीने जिवास मुकते. नव्यांस तीन आठवडे दूर निराळ्या डालग्यात ठेवावे. दाणापाणी आधी जुनीस द्यावे, मग नव्यांस.

त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून त्यांस एकमेकींस पाहू द्यावे. मग एके सायंकाळी अंधार पडता एकत्र बसवावे व दाण्याची भांडी दोन ठेवावी. काही दिवस टोचाटोची होईलच. कोंबड्यांत वरचढ कोण हे चोचीने ठरते, असे श्येल्डरूप-एब्बे या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. रक्त निघाले तरच वेगळे करावे.

उरलेली कोंबडी खुडूक बसली असेल, तर याहून सोपा मार्ग आहे. रोगाचा संशय नसल्यास शेजारच्या कोंबडा असलेल्या घरून दहाबारा ताजी अंडी आणून तिच्याखाली मांडावी. 21 दिवसांत ती आपली सोबत आपणच उबवून काढील.

संघाचे काम

हे सर्व उपाय एका घराचे झाले. परंतु मानमोडी घर पाहून येत नाही. तिजवर औषध नाही, लस मात्र आहे. पिलांस पहिल्या आठवड्यात लासोटा व आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही लस देतात. तथापि एका कुपीत शंभर वा अधिक पक्ष्यांची मात्रा असते व ती फोडल्यावर थोड्या तासांतच संपवावी लागते. दोन कोंबड्यांचा धनी ती एकटा कशी घेणार? सबब प्रत्येक गावच्या सभासदांनी कोंबड्यांची यादी करावी, दवाखान्यास कळवून एक दिवस ठरवावा व सूर्योदयापूर्वी, कोंबड्या सोडण्याच्या आत, साऱ्या गावास एकदम लस द्यावी. ज्यांच्या घरी एकच कोंबडी उरली आहे, त्यांचे नाव यादीत प्रथम घालावे.