क्रमांक कंपनीचा, पाणी गावाचं

प्रश्न : आमच्या भागातल्या एका कंपनीला शाश्वततेच्या क्रमवारीत वरचं स्थान मिळालं. इथे तर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे गुण ठरतात कसे?
– एक वाचक, उंबरमाळी

उत्तर : मुख्यतः कागदावर. कंपनीने भरलेली प्रश्नावली आणि प्रसिद्ध केलेले अहवाल, यांवरच बहुतेक काम चालतं. म्हणून मोठ्या कंपन्या त्यासाठी वेगळी माणसं नेमतात, कशाला किती गुण हे पाहून धोरणं लिहितात. शिवाय 'एमएससीआय'सारख्या संस्थेचं मानांकन पर्यावरणाच्या प्रश्नांमुळे कंपनीच्या धंद्याला किती धोका आहे ते पाहतं. कंपनीमुळे तुमच्या विहिरीला किती, ते नव्हे. गुंतवणूकदाराला हा फरक ठाऊक असतो, गावाला कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

क्रमांक बाजूला ठेवा आणि कंपनीचा 'बीआरएसआर', म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल उघडा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा केला आहे. त्यात सहाव्या, म्हणजे पर्यावरणाच्या तत्त्वाखाली पाण्याचा तक्ता सापडेल : नदी-तलावातून किती, भूजल किती, इतरांकडून किती, सगळं किलोलिटरमध्ये. मात्र हा आकडा सगळ्या कारखान्यांचा मिळून असतो. टंचाईग्रस्त भागातल्या कारखान्याचा वेगळा हिशेब ऐच्छिक भागात येतो. तो दिलेला नसेल, तर ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर नेमका तोच मागा. तक्रार असेल तर तीही लेखीच द्या. स्थानिक लोकांकडून वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि किती प्रलंबित आहेत, हेही कंपनीला याच अहवालात लिहावं लागतं.