क्ष-किरण आणि लोकांचे कुतूहल

एखादे संशोधन प्रयोगशाळेबाहेर पडून सर्वसामान्यांच्या बोलण्यात येते, ते केवळ त्याच्या शास्त्रीय महत्त्वामुळे, असे मानण्याचे कारण नाही. क्ष-किरणांचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्सबर्ग येथे प्राध्यापक व्हिल्हेल्म राँटगेन हे काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नलिकेतून विद्युत्प्रवाह सोडीत होते. तेव्हा जवळच असलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा अंधारात उजळल्याचे त्यांना दिसले. पुढील काही आठवडे त्यांनी कोणाला फारसे न सांगता काम केले आणि २२ डिसेंबरला पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि एका बोटातील अंगठी स्पष्ट उमटली होती. आपला निबंध त्यांनी २८ डिसेंबरला स्थानिक विद्वत्सभेकडे दिला आणि नववर्षदिनी त्याच्या प्रती काही छायाचित्रांसह परिचित शास्त्रज्ञांना टपालाने पाठविल्या.

त्यांपैकी एक प्रत व्हिएन्नाला गेली. तेथील एका मित्रमंडळीत ती छायाचित्रे दाखविली गेली, आणि त्या मंडळीत एका वृत्तपत्राच्या संपादकाचा मुलगा होता! ५ जानेवारी १८९६ रोजी बातमी छापून आली आणि तारायंत्राने ती थोड्याच दिवसांत जगभर गेली. १३ जानेवारीला राँटगेन बर्लिनमध्ये सम्राटापुढे प्रयोग करून दाखवीत होते.

हा वेग दोन गोष्टींमुळे शक्य झाला. लागणारी साधने, म्हणजे निर्वात नलिका आणि प्रवर्तन वेटोळे, बहुतेक भौतिकी प्रयोगशाळांत आधीपासूनच होती. त्यामुळे बातमी वाचून कोणीही स्वतः पडताळा घेऊ शकत होता. शिवाय राँटगेन यांनी एकस्व घेण्याचे नाकारले. परंतु जनतेला भुरळ पडली ती किरणांची नव्हे, चित्राची. किरण म्हणजे काय हे तेव्हा खुद्द राँटगेन यांनाही ठाऊक नव्हते. म्हणून तर त्यांनी अज्ञात राशीचे अक्षर नावासाठी वापरले. जिवंत माणसाची हाडे डोळ्यांनी दिसतात, हे समजण्यास मात्र शास्त्राची ओळख लागत नव्हती. लंडनमध्ये क्ष-किरणांना दाद न देणाऱ्या अंतर्वस्त्रांची जाहिरात झाली, यात हसण्यासारखे असले तरी ग्राहकाची भीती खरी होती.

मे १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या विद्युत् प्रदर्शनात एडिसन यांनी प्रेक्षकांना स्वतःच्या हाताची हाडे पाहण्याची सोय केली. लोकांनी रांगा लावल्या. प्रेक्षक क्षणभर हात धरून पुढे जात. यंत्रापाशी मात्र क्लॅरेन्स डॅली हे एडिसन यांचे सहायक असत, आणि नलिका पारखण्यासाठी ते वारंवार आपलेच हात किरणांसमोर धरीत. त्वचा भाजल्याच्या व केस गळल्याच्या तक्रारी त्याच वर्षी प्रसिद्ध होऊ लागल्या होत्या. पण कौतुकाच्या गजरात त्या ऐकू येणे कठीण होते. डॅली यांचे हात कापावे लागले आणि १९०४ साली ते मरण पावले. हँबर्ग येथे १९३६ साली किरणांच्या आघाताने मृत्यू पावलेल्यांचे स्मारक उभारले गेले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरलेली होती.

याच वर्षीची दुसरी एक घटना येथे आठवते. क्ष-किरणांचे वृत्त ऐकून पॅरिसमध्ये हेन्री बेक्वेरेल यांनी युरेनियमच्या क्षारांवर प्रयोग केले. मार्च १८९६ मध्ये त्यांना आढळले की, सूर्यप्रकाश न मिळताही हे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्रण-काचेवर ठसा उमटवितात. अणूच्या अंतरंगाकडे जाणारी वाट येथूनच सुरू होते. परंतु त्या काचेवर हाड नव्हते, अंगठी नव्हती. होता तो एक अस्पष्ट काळसर डाग. वृत्तपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही, आणि शास्त्रज्ञांपैकीही बहुतेक जण क्ष-किरणांतच गुंतले होते. १८९८ साली मारी आणि पिएर क्यूरी यांनी पोलोनियम व रेडियम यांचा शोध लावला, तेव्हा कोठे त्या डागाकडे जगाचे लक्ष वळू लागले.