दसरा ते दिवाळी, बऱ्हाणपूरच्या झाडांत

बऱ्हाणपूरला येणारा मराठी माणूस बहुतेक एकाच वाटेने फिरतो. शाही किल्ला, हमामखाना, जामा मशीद, 'काळा ताज', मग मावा जिलबी आणि परतीची गाडी. सोबत एखादा हट्टी इतिहासप्रेमी असला तर मोहना-तापीच्या संगमावरची मिर्झाराजे जयसिंगांची छत्रीही होते. पुरंदरचा तह करून घेणारे हे मिर्झाराजे १६६७ मध्ये बऱ्हाणपुरातच वारले. हे सगळं बघाच. पण दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत येणार असाल, तर इमारतींना एक दुपार पुरे. सकाळी झाडांसाठी राखून ठेवा.

पाऊस थांबलेला असतो, सातपुडा अजून हिरवा असतो आणि झाडांवर शेंगा, फळं, बिया धरलेल्या असतात. परदेशी कॅलेंडरातली लाल-पिवळी पानगळ मात्र इथे ऑक्टोबरात शोधू नका. आपला साग माघ-फाल्गुनात उघडा पडतो. धावड्याची पानं तांबूस होतात तीही थंडी मुरल्यावर. आत्ता बघायचं ते शेंगा, साली आणि किड्यांनी खाल्लेली पानं.

मुंबईच्या राणीच्या बागेत (१८६२ पासूनची ही बाग) किंवा पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये झाडं एका कुंपणात आहेत, आणि ती दाखवत फिरवणारे जाणकारही भेटतात. बऱ्हाणपुरात ती सोय गृहीत धरू नका. झाडं ओळखणारं एक माणूस आपल्याबरोबरच आणा. तेही नसेल तर निदान शरदिनी डहाणूकरांचं 'वृक्षगान' घरी वाचून या. पुस्तक हातात धरून झाडं ओळखण्यापेक्षा वाचून आलेलं बरं असतं. डोळे वर राहतात.

सुरुवात लोधीपुऱ्यापासून करावी. दाऊदी बोहरा समाजाचा दर्गाह-ए-हकीमी इथे आहे. सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांची ही समाधी. देशोदेशीचे बोहरी इथे जियारतीला येतात. आवार मोठं आहे आणि बाग निगुतीने राखलेली आहे. पण हे पर्यटनस्थळ नव्हे. अंगभर कपडे हवेत, डोक्यावर रुमाल किंवा ओढणी हवी, आणि फाटकापाशी विचारल्याशिवाय आत शिरू नये, कॅमेरा काढू नये. मुलांचा मोठा घोळका घेऊन जायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून ठेवा. अर्धा तास पुरतो. माळ्याच्या कात्रीखालची झाडं कशी दिसतात हे इथे डोळ्यांत साठवलं, की पुढे डोंगरातलं आपल्या मर्जीनं वाढलेलं झाड जास्त कळतं.

तिथून कुंडी भंडारा. झाडं बघायला निघालेल्याने विहिरी कशाला बघायच्या, असं वाटेल, पण हाच या फेरीचा गाभा आहे. अब्दुर्रहीम खानखाना इथले सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपतं. ते वाटेतच भुयारात अडवायचं आणि निव्वळ उतारावर शहरापर्यंत न्यायचं. ना मोट, ना पंप. वर जमिनीवर ओळीने कुंड्यांची तोंडं दिसतात. सगळ्या मिळून शंभराच्या वर आहेत. २०२४ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. खाली उतरायला लिफ्ट आहे, ती चालू आहे का हे आधी विचारून घ्या. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेत, त्यावर नखाने नावं कोरणारी मंडळी आपल्यात नसावीत. मुलांना कुंडीच्या काठाशी उभं करून उत्तरेचे डोंगर दाखवा आणि विचारा, तिथली झाडं गेली तर इथे काय होईल? उत्तर त्यांना देऊ द्या. हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२२-२३ मध्ये याच जिल्ह्यातल्या नावरा भागात जंगलाची मोठी बेकायदा तोड झाली, तेव्हा वर्तमानपत्रं त्याच बातम्यांनी भरली होती.

दुपारच्या आत तापी ओलांडून जैनाबादेला जा. आहूखाना म्हणजे मोगलांचं हरणं राखायचं शिकारी उद्यान. मुमताजमहल जून १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला आधी इथेच दफन केलं. डिसेंबरात देह आग्र्याला नेला. सगळे गाईड हे सांगतात. झाडवेड्यांनी मात्र दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. 'मआसिर-उल-उमरा' या ग्रंथात ती आहे. तरुण औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना याच बागेत आला. हिराबाई नावाची एक गायिका आंब्याच्या फळांनी लगडलेल्या झाडाखालून जाताना उडी मारून आंबा तोडायला गेली, आणि शहजादा तिला बघून भान हरपला. खरं किती, रचलेलं किती, सोडून द्या. औरंगजेबाच्या चरित्रात एक आंब्याचं झाड आहे, एवढं आपल्याला पुरे. आज इमारतीची पडझड झाली आहे आणि जुन्या बागेच्या चौकटी डोळ्यांपुढे आणाव्या लागतात. आसपास केळीच्या बागा आहेत, बांधावर चालताना शेतकऱ्याला रामराम घालून परवानगी घ्या.

आता आपट्याचं. दसऱ्याच्या आसपास याल तर मुलांसाठी याहून चांगला धडा नाही. बाजारात सोनं म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं कांचनाचं असतं. दोन्ही पानं दुभंगलेली, म्हणून फसगत होते. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, आणि पाठ राखाडी. कांचनाचं पान मोठं आणि पातळ. झाड खडबडीत, वाकडंतिकडं असेल आणि त्यावर काळपट शेंगा लोंबत असतील, तर आपटा. फांद्या ओरबाडू नका. एक पान तळहातावर घ्या, उजेडाकडे धरा, खालच्या शिरा मोजायला लावा. मग अंजनाचं पान शेजारी ठेवा. तिथे एकच पान दुभंगलेलं नसून दोन पर्णिका जोडीने असतात, हे मुलं स्वतःच ओळखतात. अंजन हे निमाड-खान्देशच्या कोरड्या डोंगरांचं झाड. मुरमाड जमिनीत, कमी पावसात टिकतं, आणि त्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं.

दुसरी सकाळ असीरगडाला द्या. शहरापासून उत्तरेला वीसेक किलोमीटर, इंदूर रस्त्यावर. दक्षिणेचा दरवाजा म्हणवणारा हा किल्ला अकबराला लांब वेढा घालून १६०१ मध्ये मिळाला. वरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटे फूल वाहून जातो असं लोक सांगतात. गाडी बरीच वर जाते, पण शक्य तितकं पायी चढा, कारण बघायचं ते उतारावर आहे. सागाची पानं या दिवसांत जाळीदार झालेली दिसतील. एक बारीक अळी शिरा सोडून मधला हिरवा भाग खाते आणि मागे अस्सल विणलेली जाळी उरते. झाड आजारी नाही. पानांचं वर्षाचं बरंचसं काम तोवर उरकलेलं असतं. सागाचं कोवळं पान बोटांत चोळलं की बोटं लाल होतात, हे मुलांना दाखवायला विसरू नका. मग पळस, तीन पानांचा. सलई दिसली तर तिची कागदासारखी सुटणारी साल बघा. तिचा डिंक धुपाला वापरतात. याच जिल्ह्यात नेपानगर आहे. देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना तिथे उभा राहिला आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. सलई आणि बांबू हाच त्याचा कच्चा माल होता. जुन्या पिढीने वाचलेल्या कितीतरी बातम्या या डोंगरांवर छापलेल्या होत्या म्हणायच्या.

आता सावधगिरी. ऑक्टोबरात अकरा वाजता ऊन मे महिन्याची आठवण करून देतं, म्हणून साडेसहाला निघा आणि साडेदहाला सावली गाठा. माणशी दोन लिटर पाणी. गवत कमरेइतकं असतं, त्यात घोणस असू शकते. पायात बूट हवेत, हातात काठी हवी, आणि पाय दिसेल तिथेच ठेवावा. कुसळं मोज्यात शिरतात, तेव्हा लोकरीचे मोजे टाळा. कुंपणावर, झुडपांवर चढलेल्या तपकिरी लव असलेल्या शेंगा दिसल्या की लांब उभे राहा. ती खाजकुयली. लव अंगाला लागलीच तर खाजवू नका, चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. पडक्या कमानींखाली आग्या मोहोळ असतं, तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही चालत नाही. गडाबाहेरच्या राखीव जंगलात शिरायचं असेल तर वन विभागाची परवानगी लागते.

शाळेची सहल काढणाऱ्या शिक्षकांना एक गोष्ट सांगायची आहे. मध्य प्रदेशचा वन विभाग आणि इको पर्यटन मंडळ शाळकरी मुलांसाठी हिवाळ्यात 'अनुभूती' शिबिरं घेतात, जंगलात दिवसभर फिरवतात, वनरक्षकच शिकवतात. महाराष्ट्रातल्या शाळांना तीच योजना मिळेलच असं नाही, पण तिचा साचा उचलण्यासारखा आहे. मुलांचे लहान गट करा, गटामागे एक मोठं माणूस. नावं पाठ करून घेऊ नका. एक कागद सालीवर ठेवून मेणखडू फिरवायला द्या, सालीचा ठसा उमटतो. दहा झाडांचे दहा ठसे झाले की मुलं डोळे मिटून हात लावून झाड ओळखायला लागतात. खाली पडलेलं तेवढंच उचलायचं, हा नियम पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. वनरक्षक किंवा गडाजवळच्या गावातली एखादी आजी सोबत आली तर आपण गप्प बसावं. कुठला डिंक कशावर चालतो, महुआ कधी वेचायचा, हे तिच्या तोंडून ऐकण्यात जास्त मजा आहे. तिच्या वेळेचे पैसे द्यायला लाजू नये.

भुसावळहून खांडव्याकडच्या गाडीने रावेर गेलं की बऱ्हाणपूर येतं. स्टेशन लालबागेत आहे, शहर तिथून रिक्षाने. जळगाव-भुसावळकरांना एका दिवसात जाऊन येणं जमतं, पण मग असीरगड सोडून द्या. संध्याकाळी गावात फिरताना वाऱ्यावर उग्र गोड वास आला तर वर बघा, सातवीण फुललेली असेल. रस्त्यावर लांब देठाची पांढरी फुलं पडलेली दिसली तर ते बुचाचं झाड. जेवायला बऱ्हाणपुरी मांडे मिळतात, आणि घरी न्यायला दराबा.

दिवाळीच्या आठवड्यात गाड्या आणि लॉज दोन्ही भरलेले असतात. दसऱ्यानंतरचा शनिवार-रविवार धरा.