होस्टिंगवर चढवण्याआधी पान कसं पाहावं?

प्रश्न : मी आमच्या वाचनालयाची वेबसाइट बनवते आहे. फाइलवर डबल-क्लिक केलं की पान उघडतं, पण चित्रं आणि मेनू गायब! दर वेळी होस्टिंगवर टाकूनच बघू का?

उत्तर : नको. अर्धवट काम सभासदांच्या नजरेस पडेल, आणि एक चुकीची फाइल चढली की चालू साइटही बिघडेल.

डबल-क्लिकने पान सर्व्हरशिवाय उघडतं. तुमच्या कोडमध्ये चित्राचा मार्ग तिरप्या रेघेने सुरू होत असेल, तर ब्राउझर ते साइटच्या फोल्डरऐवजी थेट डिस्कच्या मुळाशी शोधतो. मेनू वेगळ्या फाइलमधून जावास्क्रिप्टने येत असेल, तर सुरक्षेपायी ब्राउझर तोही अडवतो.

म्हणून स्वतःच्या संगणकावरच सर्व्हर चालवा. त्यासाठी व्हीएस कोड या एडिटरमध्ये ‘लाइव्ह सर्व्हर’ हे एक्स्टेन्शन घ्या. साइटचं अख्खं फोल्डर उघडा, एकटी फाइल नको; मग खालच्या पट्टीवरचं ‘गो लाइव्ह’ दाबा. पान सहसा ५५०० क्रमांकाच्या पोर्टवर उघडतं आणि फाइल सेव्ह करताच आपोआप ताजं होतं. पीएचपी मात्र यावर चालत नाही. त्यासाठी पीएचपीचा स्वतःचा सर्व्हर वापरा.

फाइलींची नावं इंग्रजी लहान लिपीतच ठेवा, हे आग्रहाने सांगते. नावातला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक विंडोज खपवून घेतं, लिनक्सवरचं होस्टिंग नाही.