हवा भरायला आपलेच हात : सायकलवरचा पंप



आमच्या विहारातून दर रविवारी सकाळी वंदना झाली की आम्ही काही जण सायकलने निघतो. कुणाला शुगर आहे, कुणाला बीपी, कुणाचे वजन वाढले आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सायकलने हा हिशेब सहज पुरा होतो.

मध्यंतरी आमच्यातले एक दादा येईनासे झाले. चौकशी केल्यावर कळले, की एकटे गेले असताना गावाबाहेर टायर पंक्चर झाला. वाटेत पंक्चरचे दुकान होते, पण तिथल्या पंपाचे तोंड त्यांच्या सायकलच्या व्हॉल्व्हला बसेना. भर उन्हात सात-आठ किलोमीटर सायकल ढकलत आणावी लागली. तेव्हापासून सायकल गॅलरीत उभी. तीन महिन्यांनी तपासले तर शुगर पुन्हा वाढलेली. व्यायाम सुटायला फार मोठे कारण लागत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर सायकलच्या फ्रेमला लावायच्या पंपाची माहिती देत आहोत.

आधी व्हॉल्व्ह ओळखा

आपल्या जुन्या काळ्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा, मोटरसायकलचा वेगळा आणि अरुंद टायरच्या रोड बाईकचा बहुधा तिसराच. हा तिसरा बारीक असतो, त्याच्या टोकाला छोटी चकती असते. त्याला प्रेस्टा म्हणतात. मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हला श्रेडर म्हणतात. पेट्रोल पंपावरची हवेची नळी श्रेडरला बसते, प्रेस्टाला नाही. पितळेचा एक छोटा जोड मिळतो, तो प्रेस्टावर फिरवून बसवला की काम भागते. हा जोड फार स्वस्त असतो, पिशवीत एक ठेवावाच. पंप घेताना मात्र आपल्याच सायकलच्या व्हॉल्व्हला लावून पाहावा.

कोणता पंप घ्यावा?

फ्रेमवर बसणारे पंप दोन प्रकारचे. पहिला लांब. तो वरच्या दांडीखाली स्प्रिंगच्या ताणाने अडकून बसतो. फ्रेमच्या मापाप्रमाणे तो वेगवेगळ्या लांबीत येतो, म्हणून आतली जागा मोजून घ्यावा. वरची दांडी उतरती असेल तर तो नीट बसेलच असे नाही. दुसरा छोटा. तो पाण्याच्या बाटलीच्या स्क्रूंवर पट्टी लावून बाजूला बसतो. लांब पंपाने शंभरेक दाबांत काम होते, छोट्याला दोनशे-तीनशे दाबही लागतात. पण छोटा बाटलीचे स्क्रू असलेल्या कोणत्याही सायकलला बसतो. कोणताही घेतला तरी रबरी पट्ट्याने बांधावा, नाहीतर खड्ड्यात उडून पडतो.

आता महत्त्वाची गोष्ट, नळीची जाडी. रोड बाईकच्या टायरला हवेचा दाब जास्त लागतो. समजा 90 पीएसआय दाब हवा आहे. पंपाच्या नळीचा आतला व्यास 30 मिमी असेल तर शेवटी हातावर सुमारे 45 किलोचा जोर येतो. तोच व्यास 20 मिमी असेल तर सुमारे 20 किलो. म्हणजे जाड पंप हवा भराभर भरतो, पण शेवटी दाबलाच जात नाही. म्हणून रोड बाईकला बारीक नळीचा पंप घ्यावा. आमच्या गटातल्या ताईंना आणि साठी ओलांडलेल्या काकांना तोच जमतो. तोंडाला लवचीक रबरी नळी असलेला मिळाला तर आणखी चांगले.

हवा भरण्याची रीत

1. सायकल रस्त्यापासून दूर, सावलीत न्या. पंक्चर असेल तर ट्यूब काढा आणि टायरच्या आतून बोटे जपून फिरवा. बाभळीचा काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूबही जाईल. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके दिसली तर काटा नव्हे, हवा कमी असल्याने ट्यूब रिमवर चिमटली आहे असे समजा.

2. नवी किंवा पॅच लावलेली ट्यूब बसवताना तिच्यात थोडी हवा असू द्या, म्हणजे ती पिळली जात नाही. टायरची कड रिममध्ये सगळीकडून बसली का ते पाहा.

3. प्रेस्टाची चकती सैल करून बोटाने एकदा दाबा. फुस्स आवाज आला म्हणजे व्हॉल्व्ह मोकळा झाला. मग पंपाचे तोंड सरळ बसवा आणि खटका लावा.

4. एका हाताने पंपाचे तोंड आणि टायर एकत्र घट्ट धरा, दुसऱ्या हाताने पंप मारा. पंप हलला तर व्हॉल्व्हचा दांडा वाकतो किंवा मुळाशी फाटतो. नवशिक्यांची ट्यूब बहुतेक इथेच जाते.

5. तोंड सरळ ओढून काढा आणि चकती पुन्हा आवळा.

हवा किती?

सोण भिक्खूला भगवान बुद्धांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला होता, तो आपण धम्मवर्गात ऐकलेला आहे. तार फार ताणली तरी सूर नाही आणि ढिली ठेवली तरी नाही. टायरचेही तसेच आहे. कमी हवेने पंक्चर होते, जास्त हवेने मनगटाला आणि कमरेला हादरे बसतात आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. 65-70 किलो वजनाच्या माणसाला 25 मिमी टायरमध्ये साधारण 80 ते 90, 28 मिमीमध्ये 70 ते 80 पीएसआय पुरते. पुढच्या चाकात पाचेक कमी. टायरच्या कडेला छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये.

छोट्या पंपाला बहुधा मीटर नसतो आणि अंगठ्याने दाबून अंदाज चुकतो. म्हणून घरीच रिकामा टायर आपल्या पंपाने भरा, दाब मोजा आणि किती वेळा पंप मारला ते लिहून ठेवा. रस्त्यावर तोच आकडा उपयोगी पडतो. रोजच्या हवेसाठी मात्र घरी किंवा विहारात मीटरचा उभा पंप असावा. बारीक टायरची हवा आठवड्याभरात उतरते.

शरीराची काळजी

पंप मारताना श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. दाबताना श्वास सोडावा, तीस-चाळीस दाबांनंतर थांबावे, पाणी प्यावे. हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे काम सोबत्याला द्यावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे.

त्या दादांना आम्ही विहाराच्या अंगणात बसवून हे सगळे त्यांच्याच हातांनी दोनदा करायला लावले. पहिल्यांदा पाऊण तास लागला, दुसऱ्यांदा वीस मिनिटे. पुढच्या रविवारी ते आले. आपल्याही विहारात एका सकाळी असा सराव ठेवा. मुलींना आणि वडीलधाऱ्यांना आधी हात घालू द्या, बाकीच्यांनी नुसते पाहावे.