ऐकणाऱ्याकडची प्रत

सिनेमावरची कॉमेंटरी घरी रेकॉर्ड करायची म्हटलं की काय बोलायचं याची तयारी सगळेच करतात. ऐकणाऱ्याकडे सिनेमाची कुठली प्रत आहे, हे कुणी विचारत नाही. माझं सगळं काम त्याच प्रश्नापाशी येऊन अडलं, म्हणून ते आधी सांगते.

मी निवडला ‘संत तुकाराम’. प्रभातचा 1936चा चित्रपट, दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आमच्या भाचरांनी तो एकदा तरी नीट पाहावा, कुणी शेजारी बसून दाखवल्यासारखा पाहावा, एवढीच इच्छा होती. माझ्या आवाजाची फाइल वेगळी, सिनेमा ज्याचा त्याच्याकडे, दोन्ही एकदम सुरू करायचे. ही रीत जुनी आहे. 1984 साली ‘किंग काँग’च्या लेझरडिस्कवर रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकाचं बोलणं दुसऱ्या ध्वनिपट्टीवर दिलं गेलं, तिथून कॉमेंटरी सुरू झाली. पुढे 2002 साली रॉजर ईबर्ट या समीक्षकाने सामान्य प्रेक्षकांनाच सुचवलं, की घरी बसून अशा फाइली करा आणि एकमेकांना द्या.

फाइल पाठवली आणि इंदूरहून मावशीचा फोन आला. “अगं, तू अजून तुकोबांच्या बायकोच्या, जिजाईच्या चपलेबद्दल बोलतेयस, आणि इथे ती देवळातून बाहेरसुद्धा पडली!”

कारण साधं आहे, पण कुणी सांगत नाही. सिनेमा सेकंदाला 24 चित्रं या गतीने चित्रित होतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं असतात आणि त्या पद्धतीने उतरवलेली प्रत थोडी वेगाने पळते. 120 मिनिटांचा सिनेमा जवळजवळ पाच मिनिटं आधी संपतो. सुरुवात अगदी अचूक जुळवली तरी कॉमेंटरी हळूहळू मागे पडत जाते. त्यात जुन्या चित्रपटांच्या प्रतींमध्ये कुठे रीळ तुटलेलं, कुठे एखादं कडवं गायब, कुठे सुरुवातीला दुसऱ्याच कंपनीची पाटी जोडलेली.

तेव्हा ‘शून्यावर प्ले दाबा’ असं कधी सांगू नका. पडद्यावर ओळखता येईल असं एक चित्र सांगा आणि तिथून सुरू करायला लावा. मग दर आठ-दहा मिनिटांनी एखादं पात्र बोलत असताना त्याच्या वाक्याचे पहिले दोन शब्द तुम्हीही त्याच क्षणी उच्चारा. ऐकणाऱ्याला लगेच कळतं, आपण पुढे आहोत की मागे. 2006पासून अशाच सुट्या ध्वनिफाइली विकणाऱ्या रिफट्रॅक्स या अमेरिकी मंडळींनी हीच युक्ती वापरली आहे. याहून खात्रीचा उपाय म्हणजे कॉमेंटरीचे प्रसंगवार तुकडे करणं. घसरली तरी एका तुकड्यापुरती घसरते. वेगवान प्रतीसाठी दुसरी फाइल करायची तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टेम्पो’ चार टक्क्यांहून किंचित जास्त वाढवा. ‘स्पीड’ला हात लावू नका, त्याने आवाजाची पट्टी चढते.

आता बोलण्याविषयी. या चित्रपटातलं शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक गीत कित्येकांनी तुकोबांचाच अभंग मानलं. मीही ते घरात तसंच ऐकत आले होते. रेकॉर्डिंगच्या आधी तपासलं म्हणून बरं. छापलेल्या लेखातली ओळ वाचक पुन्हा मागे जाऊन पाहतो, शंका घेतो. कानात चाललेला आवाज मात्र चित्राच्या आधाराने खरा वाटतो आणि डोक्यात बसतो. म्हणून ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगा. नाहीतर सांगू नका.

आणि गप्प राहा. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रंगभूमीवर स्त्री-भूमिका करत आलेले विष्णुपंत पागनीस इथे तुकोबा झाले, हे त्यांच्या पहिल्या दर्शनाला सांगून टाकावं. ते गाऊ लागले की आपण थांबावं. केशवराव भोळ्यांच्या चालीवर कुणाचंही बोलणं नको. गौरीबाईंची जिजाई विठोबावर चप्पल उगारते, त्या प्रसंगाबद्दल सांगण्यासारखं खूप आहे. पण ते आधीच्या शांत दृश्यात सांगून मोकळं व्हावं. प्रसंग आला की प्रेक्षकाला तिच्यासमोर एकटं सोडावं.

रेकॉर्डिंगला महागडा माइक लागत नाही. पंखा बंद, कपड्यांच्या कपाटाकडे तोंड, फोन हातभर अंतरावर. मात्र सिनेमा हेडफोनवरच ऐका. माझ्या एका तुकड्यात स्पीकरमधलं गाणं मागे उमटलं होतं. तो व्हिडिओच्या एका संकेतस्थळावर चढवल्यावर यंत्रणेने गाणं ओळखलं आणि आवाजच बंद केला. चित्रपटावरचा हक्क आपल्या कायद्यात प्रदर्शनानंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे 1936च्या चित्रपटाचा केव्हाच संपला. पण गीत-संगीताचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. समीक्षेसाठी उचित वापराची मुभा कायदा देतो, ती मोजक्या अंशापुरती. अख्खा सिनेमा तुमच्या आवाजाखाली चालवायला तिचा आधार मिळत नाही. फाइलमध्ये फक्त तुमचा आवाज असेल तर हा प्रश्नच उरत नाही. कुणी प्रेमाने “सिनेमाला जोडूनच दे ना” म्हणेल, तरी नाही म्हणा.

मोनो एमपी3, 64 केबीपीएस, एकच स्थिर दर ठेवा. दोन तासांची फाइल 58 एमबीच्या आसपास होते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि तुम्ही कॉमेंटरी केली ती प्रत किती मिनिटं-सेकंदांची होती, हे फाइलच्या नावातच लिहा, म्हणजे समोरच्याला सुरू करण्याआधीच कळेल की कुठली फाइल घ्यायची.